पेटी एकीच्या घरी, किल्ली दुसरीच्या

साखरशेत हे नाव ऐकलं की डोळ्यांपुढे उसाचे फड येतात. पालघर जिल्ह्याच्या जव्हार तालुक्यातल्या या गावाच्या वाट्याला मात्र डोंगरउताराची जमीन आली. भात, नागली, वरई, उडीद, खुरासणी ही इथली पूर्वापार पिकं, आणि सगळी पावसाच्या जिवावर. दिवाळीच्या आगेमागे भात कापून होतो, खळी शेणाने सारवली जातात, झोडणी उरकते, कणग्या भरतात. मग जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर वर्षातले ते मोजके आठवडे येतात, जेव्हा घरात दाणा असतो, हाताला जरा उसंत असते आणि माणसं अजून गावात असतात. इथल्या बायकांच्या बचत गटांचा हिवाळा एवढ्या आठवड्यांत मावतो.

माणसं अजून गावात असतात, हे मुद्दाम सांगायला हवं. शहरातल्या महिला मंडळाला हिवाळा म्हणजे सहली, पाककृती स्पर्धा, हळदीकुंकू आणि स्नेहसंमेलनं. पुढच्या तीन-चार महिन्यांत कोण कुठे असेल, हा प्रश्न तिथे कुणाला पडत नाही. इथे तो दिवाळीपासूनच दारात उभा असतो. भात घरात आला की भिवंडी, वसई, कल्याण, शहापूरकडच्या वीटभट्ट्यांची आणि बांधकामांची वाट सुरू होते. भट्टीवर कामगार ‘जोडी’ने मोजतात, नवरा आणि बायको मिळून एक जोडी, आणि मजुरी हजार विटांमागे. जोडीबरोबर पोरंही जातात. मागे राहतात म्हातारी माणसं, आणि हंगामी वसतिगृहात किंवा आश्रमशाळेत सोय झाली तर काही मुलं.

या जाण्यामागे एक शब्द आहे: बयाणा. पावसाळ्यात घरातलं धान्य संपलं, कुणी आजारी पडलं, दिवाळीला पोरांना कपडे घ्यायचे झाले, की भट्टीमालकाच्या माणसाकडून आगाऊ पैसे उचलायचे. ते फेडायला मग अख्खा हंगाम भट्टीवर. या मुलखाला अशा कर्जाची जुनी आणि कडू ओळख आहे. वारली आदिवासी गड्याने लग्नासाठी सावकाराकडून पैसे घेतले की तो आणि त्याची बायको त्याच सावकाराच्या घरी वर्षानुवर्षं राबायचे. त्याला लग्नगडी म्हणत. १९४५ साली तलासरीजवळच्या झरी गावी किसान सभेच्या झेंड्याखाली वारली जमले. पुढे शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली जो लढा झाला, त्यात लग्नगडी आणि वेठबिगार या दोन्ही प्रथा मोडल्या. ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात गोदावरीबाईंनी ती सगळी हकीकत लिहून ठेवली आहे. आजचा बयाणा म्हणजे लग्नगडी नव्हे. पण नड लागली की पैसे मिळण्याचं ठिकाण गावाबाहेरच्या माणसाच्या खिशातच असणं, हे दुखणं जुनंच आहे. दर आठवड्याला दहा-वीस रुपये टाकणारा बायकांचा गट नेमका इथे उपयोगी पडतो.

गटाची सभा बघण्यासारखी असते. अंगणवाडीत, समाजमंदिरात, नाहीतर कुणाच्या सारवलेल्या ओटीवर बायका गोल बसतात. आधी हजेरी. मग मागच्या सभेत काय ठरलं ते वाचून दाखवायचं. मग पेटी उघडते. साधी पत्र्याची पेटी. ती एकीच्या घरी आणि तिच्या कुलुपाची किल्ली दुसरीच्या घरी, ही गटागटांची जुनी शिस्त. बचत गोळा होते, हप्ते येतात, पैसे सगळ्यांसमोर मोठ्याने मोजले जातात. मग ज्यांना पैसे हवेत त्या मागणी मांडतात. कशाला हवेत, किती हवेत, कधी फेडणार, हे सगळ्यांपुढे सांगावं लागतं. एरवी सासऱ्यासमोर आवाज न काढणारी सून इथे ‘मला दोन हजार पाहिजे, लेकराला दवाखान्यात न्यायचंय’ असं म्हणते आणि बाकीच्या मान डोलावतात. व्याज बहुतेक ठिकाणी महिन्याला शेकडा दोन. ते व्याजही गटातच राहतं, आणि या साध्या हिशेबाचं बायकांना फार अप्रूप असतं.

‘उमेद’ या नावाने महाराष्ट्राचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान २०११ मध्ये सुरू झालं. नियमित सभा, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नोंदी ही गटांची पंचसूत्री. तिला आरोग्य, शिक्षण, ग्रामपंचायतीतला सहभाग, शासकीय योजना आणि उपजीविका ही आणखी पाच सूत्रं जोडून दशसूत्री झाली. गट नीट चालतो अशी खात्री पटली की त्याला फिरता निधी मिळतो. २०२३ मध्ये राज्य सरकारने तो १५ हजारांवरून ३० हजारांवर नेला. दहा-वीस बायकांचा एक गट, गटांचा ग्रामसंघ, ग्रामसंघांचा प्रभागसंघ, अशी ही चढण आहे. गटांची वही तपासायला येणारी ‘सीआरपी ताई’ (समुदाय संसाधन व्यक्ती) गटांतूनच पुढे आलेली असते, आणि माझ्या मते या सगळ्या रचनेतली तीच सर्वांत मोलाची व्यक्ती. पावसाळ्यात चिखल आणि हिवाळ्यात धूळ तुडवत पाड्यापाड्यांवर पायी जाणारी.

याआधी गावांत महिला मंडळं होती. १९५२ च्या सामुदायिक विकास कार्यक्रमाने ती खेडोपाडी नेली. शिवण, विणकाम, स्वच्छता, बालसंगोपन असा त्यांचा अभ्यासक्रम. त्यामागे घर सांभाळणाऱ्या गृहिणीचं चित्र होतं. जव्हारच्या डोंगरात ते चित्र नीटसं बसलं नाही. इथली बाई घर सांभाळतेच, पण लावणीला वाकते, मोळी आणते, भट्टीवर विटाही थापते. तिला गृहिणी म्हणायचं तर त्या शब्दात शेत, रान आणि भट्टी हे सगळं धरावं लागेल. तरीही या भागात काम केलेल्या जुन्या कार्यकर्त्यांचं ऋण मोठं आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. मुलं शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच पाड्याच्या अंगणात नेली, आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर ते काम वाढवलं. ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथलाच. आज पाड्यावरच्या बायका ज्या खोलीत सभेला बसतात, तिचं नाव याच जिल्ह्यातून देशभर गेलं आहे.

हिवाळ्यातल्या सभांना खाणं असतं. ते कुणी ठरवून आणत नाही. जिच्या घरी जे असेल ते येतं. उकडलेल्या तुरीच्या शेंगा, वालाच्या शेंगा, करांदे. नागलीची भाकरी आणि खुरासणीची चटणी ही जोडी थंडीतच खावी, कारण खुरासणीच्या तेलकट काळ्या दाण्याला भाजल्यावर येणारा वास उन्हाळ्यात तसा लागत नाही. कडूकंदाची गोष्ट निराळी. तो तसाच खाल्ला तर बाधतो. त्याच्या पातळ चकत्या करून, राखेत उकळून, वाहत्या पाण्यात ठेवून त्याचा कडूपणा काढावा लागतो. किती वेळ आणि किती पाण्यात, हे म्हाताऱ्या बायांना हाताच्या अंदाजाने कळतं. अशी माहिती चार बायका एकत्र बसल्या की आपोआप सुनांकडे जाते. २०२३ हे वर्ष जगभर भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं आणि शहरात नागलीच्या बिस्किटांना भाव आला. इथे नागली ही भुकेच्या दिवसांची सोबतीण होती आणि आहे. त्याच नागलीचे लाडू आणि पापड करून विकणाऱ्या गटांना आता तिच्याकडे नव्या नजरेने पाहावं लागतं आहे.

अन्नाची चर्चा या भागात नुसत्या चवीपाशी थांबत नाही. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने बालकं दगावली आणि महाराष्ट्र हादरला. त्यानंतर आलेल्या योजनांपैकी २०१५ ची डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना बायकांच्या सर्वांत जवळची. गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचं चौरस, गरम जेवण. पण आई भट्टीवर गेली की तिचं अंगणवाडीतलं ताट मागेच राहतं. म्हणून हिवाळ्याच्या सभेत कोण गरोदर आहे, कोण जाणार आहे, कोण थांबू शकेल, याची विचारपूस होते. थांबायचं तर घरात खर्चाला पैसे हवेत, आणि मग बोलणं फिरून पेटीपाशी येतं. तीन-चार हजारांचं कर्ज एखाद्या घराला सगळा हंगाम तारून नेत नाही. मात्र आठव्या महिन्यातल्या बाईला विटा थापायला जावं लागू नये, इतका आधार त्याने कधी कधी होतो. मला वाटतं, बचत गटाची सगळी उठाठेव एवढ्यासाठी झाली तरी ती सार्थ आहे.

३ जानेवारीला सावित्रीबाई फुल्यांची जयंती. त्यानंतर संक्रांत, आणि संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू. ही रीत मूळची वारली-कोकण्यांची नाही. शिक्षिका, परिचारिका, अंगणवाडी सेविका यांच्याबरोबर ती इथवर आली आणि गटांनी तिला आपल्या सोयीचं रूप दिलं. बायका जमणारच आहेत तर हिमोग्लोबिनची तपासणी त्याच दिवशी, परसबागेचं बियाणं त्याच दिवशी. वाण म्हणून प्लास्टिकच्या डबीपेक्षा भोपळ्याच्या-दुधीच्या बिया कितीतरी चांगल्या. विधवांना बोलवायचं की नाही, हा प्रश्न उरलेल्या महाराष्ट्रात अजून चर्चेत आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा तो बातमीचा विषय झाला. वारल्यांत विधवेने पुन्हा घर मांडणं पूर्वीपासून मान्य आहे. तेव्हा बाहेरून आलेल्या सणासोबत बाहेरचा भेदही आत येऊ नये, याची काळजी गटाने घ्यायला हवी. ज्या गटाची वही एखादी विधवा सांभाळते, तिथे तिला वगळून कुंकवाचं ताट फिरणार तरी कसं?

हिवाळ्याच्या रात्रींवर गटाची मालकी नाही, त्या तारप्याच्या. वाळलेला दुधी, बांबूच्या नळ्या, ताडाचं पान आणि मेण यांतून घडणारं हे वाद्य नवं भात तयार झालं की वाजू लागतं. वादक मधोमध, त्याच्याभोवती कमरेला हात घालून बायका-पुरुषांची साखळी, पुढच्याच्या हातात घुंगुरकाठी. वादक वळला की साखळी वळते. जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याचे तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि २०२६ च्या प्रजासत्ताक दिनाच्या पूर्वसंध्येला पद्मश्री जाहीर झाली. तेव्हा या शेकोटीभोवतीच्या सुराला देशाने उशिरा का होईना, मान दिला.

चित्रांच्या बाबतीत बायकांचा मान मात्र थोडा हुकला. कारवीच्या कुडाच्या भिंतींवर शेणमातीचा लेप, त्यावर गेरू, आणि त्यावर तांदळाच्या पिठाने काढलेला लग्नचौक, मधे पालघट देवी; हे काम मुळात सवाशिणींचं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांची चित्रं बाहेरच्या जगापुढे नेली, आणि ही कला भिंतीवरून कागदावर आली. मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, ती योग्यच होती. पण कागदावर आल्यावर ब्रश बहुतांशी पुरुषांच्या हाती गेला. गटातल्या मुली आता कापडी पिशव्या, ट्रे आणि भिंतीवरच्या घड्याळांवर ही चित्रं रंगवतात. मुंबईत हिवाळ्यात भरणाऱ्या ‘महालक्ष्मी सरस’मध्ये राज्यभरचे गट आपला माल मांडतात. तिथे पहिल्यांदा गेलेल्या बाईला माल विकण्याइतकंच नवल वाटतं ते गिऱ्हाइकाला भाव सांगून त्यावर ठाम राहण्याचं.

जानेवारीच्या अखेरीस आणखी एक बैठक असते, आणि ती सगळ्यांत कमी रंगीत असली तरी वजनदार असते. २६ जानेवारीची ग्रामसभा. महाराष्ट्राच्या कायद्यानुसार ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते. जव्हार आणि मोखाडा हे दोन्ही तालुके पूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात येतात, म्हणून १९९६ च्या पेसा कायद्याने इथल्या ग्रामसभेला अधिकचे अधिकार आहेत. कागदावर महिला सभा उरकून घेणं सोपं असतं. पण वर्षभर गोल बसून मोठ्याने पैसे मोजलेल्या बायका तिथे आल्या की ती उरकता येत नाही. पाण्याची टाकी, रस्ता, आणि रोजगार हमीची कामं नक्की कधी निघणार हा प्रश्न. महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा १९७७ सालीच केला. काम दिवाळीनंतर लगेच निघालं तर बरीच माणसं गावात थांबतील, आणि फेब्रुवारीत निघालं तर ते करायला गावात कुणी नसेल, हे बायकांइतकं नेमकं कुणी मांडत नाही.

तोवर पाडे रिकामे होऊ लागलेले असतात. सभा चालू राहते, गोल लहान होतो. जाणाऱ्यांपैकी कुणी दोन महिन्यांची बचत आधीच देऊन जाते, कुणाची सासू तिच्या वतीने येऊन दहाची नोट ठेवते, कुणाच्या नावापुढे रकाना कोरा राहतो. ज्यांच्याकडे मोगऱ्याची झाडं आहेत त्यांना एव्हाना थांबायचं कारण मिळालेलं असतं. छाटणी झालेल्या झाडांना कळ्या धरू लागतात आणि फुलं मुंबईच्या बाजाराकडे जातात. बाएफ या संस्थेच्या वाडी प्रकल्पातून आंबा-काजूची झाडं लावलेल्या घरांचंही तसंच.

होळीला भट्ट्यांवरून माणसं परततात, निदान दोन-चार दिवसांसाठी तरी, कारण या मुलखात होळीसारखा सण नाही. ढोल वाजू लागतात, पुढे बोहाडा या सोंगांच्या उत्सवाचे मुखवटे निघतात. त्या गडबडीत एका दुपारी सीआरपी ताई वही घेऊन ओटीवर येते. किल्लीवाली तिच्या घरून येते, पेटी दुसरीच्या घरून येते, आणि विटांच्या धुळीने हात भेगाळलेल्या बायका थकलेले सगळे आठवडे एकदम भरायला रांगेत बसतात.