वाहिनी आणि दर्शक यांच्यातील संवाद : कम्युनिटी पोस्टची भाषा

उपयोजित मराठीच्या अभ्यासात आपण बातमी, जाहिरात, माहितीपत्रक, निवेदन असे लेखनप्रकार पाहतो. त्यांत आता एका अगदी लहान प्रकाराची भर घालावी लागेल. यूट्यूबवर स्वतःची वाहिनी चालविणारी व्यक्ती दोन चित्रफितींच्या मधल्या दिवसांत दर्शकांसाठी चार ओळी लिहिते, एखादे छायाचित्र टाकते किंवा पाचपर्यंत पर्याय देऊन त्यांचा कौल घेते. याला कम्युनिटी पोस्ट म्हणतात. २०१६ साली ही सोय निवडक वाहिन्यांना मिळाली. ऑक्टोबर २०२१ मध्ये त्यासाठीची किमान सदस्यसंख्या ५०० वर आली आणि खेड्यातून चालणाऱ्या लहान वाहिन्यांनाही ती खुली झाली. ही पोस्ट सदस्यांच्या मुख्य पानावर दिसते, कधी कधी सदस्य नसलेल्यांनाही दिसते. म्हणजे चित्रफीत न पाहताही माणूस वाहिनीच्या दारापर्यंत येतो. दारात आलेल्याला आत कसे बोलवावे, हा प्रश्न मात्र यंत्राचा नसून भाषेचा आहे, आणि म्हणूनच तो आपल्या अभ्यासाचा विषय ठरतो.

एका उदाहरणापासून सुरुवात करू. त्यातील चूक माझी आहे, हे आधीच सांगितलेले बरे. वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यातील वायगावची हळद आपण ऐकून आहात; २०१६ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले. त्या परिसरातील एक विद्यार्थिनी माझ्या संपर्कसत्रांना येत असे. चाळिशी ओलांडलेली, घरची थोडी हळद, आणि मुलाने सुरू करून दिलेली एक वाहिनी. हळकुंडे व्यापाऱ्याला देण्याऐवजी दळून, पुड्या बांधून थेट ग्राहकाला विकावीत, असा तिचा विचार होता. त्यासाठी आधी माणसे जोडली जायला हवी होती. पोस्ट कशी लिहावी, असे तिने विचारले, तेव्हा मी तिला पुढील मसुदा करून दिला :

‘सर्व दर्शकांस कळविण्यात येते की, हळद-प्रक्रियेविषयीची आमची नवीन चित्रफीत प्रसारित झाली आहे. तरी आपण ती अवश्य पाहावी व आपला बहुमोल अभिप्राय कळवावा.’

या मजकुरात शुद्धलेखनाची एकही चूक नाही. दोन महिने ती अशाच पोस्ट लिहीत राहिली आणि त्यांना उत्तर म्हणून कोणी एक शब्दही लिहिला नाही. आपले बोलणेच लोकांना आवडत नसावे, असे वाटून ती वाहिनी बंद करण्याच्या बेतात आली होती.

काय चुकले असावे? पुढे वाचण्यापूर्वी तो मसुदा पुन्हा एकदा वाचा आणि त्यातील सर्वनामे शोधा.

‘आमची चित्रफीत’ यातील ‘आम्ही’ ऐकणाऱ्याला वगळतो. मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन रूपे आहेत : ‘आम्ही’ म्हणजे तुम्हांला सोडून आम्ही, आणि ‘आपण’ म्हणजे तुम्ही धरून आपण सगळे. हा भेद गुजरातीत आहे, तेलुगू-तमिळमध्येही आहे; हिंदीच्या ‘हम’मध्ये किंवा इंग्रजीत तो नाही. ज्या भाषेला ही सोय लाभली आहे, तिच्या लेखकाने ती वाया घालवू नये. त्यातही एक गुंतागुंत आहे, कारण ‘आपण’ हे आदरार्थी द्वितीय पुरुषाचेही रूप आहे. ‘आपण हळद कशी शिजवता?’ यात समोरच्याला दूरच्या आसनावर बसवून केलेला आदर आहे. ‘आपण हळद कशी शिजवतो?’ असे म्हणताच बोलणारा आणि ऐकणारा एकाच चुलीपाशी येतात. सर्वनाम तेच राहते, भेद फक्त क्रियापदाच्या प्रत्ययाचा आहे. माझ्या मसुद्यातील ‘आपण’ पहिल्या प्रकारचा होता. शिवाय ‘कळविण्यात येते’ या कर्मणी रचनेत बोलणारे माणूसच दिसेनासे झाले होते. तहसील कार्यालयाच्या फलकावर ते शोभते. हळद उकळणाऱ्या बाईच्या तोंडी शोभत नाही.

दुसरी उणीव अधिक महत्त्वाची आहे. संभाषणात काही उक्ती जोडीने येतात : प्रश्नाला उत्तर, नमस्काराला नमस्कार, आमंत्रणाला होकार किंवा नकार. जोडीतील पहिली उक्ती उच्चारली गेली की दुसरीची वाट पाहिली जाते आणि ती आली नाही तर पोकळी जाणवते. ‘अभिप्राय कळवावा’ या विनंतीने अशी पोकळी निर्माण होत नाही, कारण अभिप्राय नेमका कशाविषयी द्यायचा, हेच त्यात सांगितलेले नाही. प्रश्न विचारला तरी तो कोणता, यावर पुष्कळ अवलंबून असते. ‘चित्रफीत आवडली का?’ याला ‘हो’ म्हटले की बोलणे संपते. ‘कशी’, ‘कशावरून’, ‘कुठली’ हे प्रश्न माणसाला त्याच्या स्वतःच्या अनुभवाकडे नेतात; आणि स्वतःच्या अनुभवाविषयी बोलताना फारसे कोणी अडखळत नाही.

ब्रॉनिस्लॉ मॅलिनोव्स्की या मानवशास्त्रज्ञाने १९२३ साली एका निबंधात दाखवून दिले की, माणसांचे पुष्कळसे बोलणे माहिती देण्यासाठी नसून नाते जपण्यासाठी असते. पुढे रोमान याकबसन यांनी भाषेची सहा कार्ये सांगितली, त्यांतील संपर्ककार्य ते हेच. ‘झालं का जेवण?’ असे शेजारीण विचारते, तेव्हा तिला आपल्या ताटातील पदार्थांची यादी नको असते. कम्युनिटी पोस्टमध्ये हे संपर्ककार्य प्रधान असते, माहितीचे कार्य दुय्यम. मी माहितीपत्रक लिहून दिले होते.

दुसऱ्या खेपेस मी मसुदा केला नाही. तिलाच विचारले, ‘शेजारच्या बाईशी हळदीविषयी काय बोलता?’ त्यातून आलेला प्रश्न असा : ‘हळद शिजली हे तुम्ही कशावरून ओळखता?’ खाली पर्याय : काडी टोचून, बोटांत दाबून, फेस आणि वासावरून, घड्याळ लावून, आमची रीत वेगळी, खाली सांगते. पर्यायांची ही भाषा पाहा. ते एकमेकांवर कुरघोडी करीत नाहीत, प्रत्येक पर्याय कोणाच्या तरी घरात खरा आहे, आणि शेवटचा पर्याय यादीबाहेरच्या माणसालाही जागा ठेवतो. ‘छान / खूप छान / अप्रतिम’ असे पर्याय देणाऱ्या वाहिन्या मी पाहिल्या आहेत. तो कौल नव्हे, ती स्वतःचीच पाठ थोपटणे झाले.

या पोस्टला उत्तरे आली. सांगलीकडच्या एका शेतकऱ्याने आपल्याकडची कढई कशी असते ते लिहिले, वसमतच्या एकाने त्याला दुरुस्ती सुचविली, आणि एका मुलीने आजीची आठवण सांगितली. जे लिहून गेले, त्यांतील काही जण पुढची चित्रफीत पाहायला आले. सदस्य एका रात्रीत हजारोंनी वाढले नाहीत. तसे क्वचितच वाढतात. पण पहिल्या पुड्या त्याच उत्तरे देणाऱ्यांपैकी दोघांनी मागविल्या.

वाचकाला विचारता ठेवून त्याच्या प्रश्नांवर आपले व्यासपीठ उभारण्याची रीत वर्धा जिल्ह्याला नवी नाही. ‘हरिजन’ साप्ताहिकात गांधीजी वाचकांचे प्रश्न घेऊन त्यांना उत्तरे देत. त्यासाठी १९४० च्या सुमारास ‘प्रश्नपेटी’ असे सदरच चाले, आणि त्या काळात त्यांचा मुक्काम वर्ध्याजवळच्या आश्रमात होता. त्या गावाचे मूळ नाव सेगाव. बुलढाणा जिल्ह्यातील शेगावाशी नामसाधर्म्य असल्याने टपालाचा घोळ होई, म्हणून १९४० मध्ये सेगावाचे सेवाग्राम झाले. भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्याने हे उदाहरण जवळ बाळगावे : ‘स’ आणि ‘श’ एवढ्या एका ध्वनीच्या भेदावर पत्र पोहोचणे न पोहोचणे ठरत होते. त्या सदरातून आपल्याला घेण्याजोगी गोष्ट एवढीच की, विचारणाऱ्याला आपला प्रश्न पोहोचल्याचे छापील पानावर दिसे. पोस्टखालच्या उत्तरांचेही तसेच आहे. आलेल्या उत्तराला पोच दिली नाही, तर पुढच्या प्रश्नाला कोण कशाला उत्तर देईल? नुसते हृदयाचे चिन्ह उमटवण्यापेक्षा ‘वसमतच्या दादांनी सांगितलेली रीत आज करून पाहतो’ असे म्हणून पुढची चित्रफीत करणे कितीतरी अधिक परिणामकारक.

आता एक अवघड गोष्ट. आमच्या विद्यार्थिनीने एका उत्तराखाली लिहिले, ‘मले तं सासूनं शिकवलं, काडी टोचूनच पाहाची.’ त्यावर कोणीतरी लिहून गेले, ‘आधी शुद्ध मराठी शिका.’ तिने आपले वाक्य पुसून टाकले आणि मला फोन केला. ‘सर, मी बी.ए. करून राहिली, अन् मलेच मराठी येत नाही म्हणतात.’

तिला मी जे सांगितले, ते आपल्यालाही सांगतो. ‘मले’मधील ‘-ले’ हा विभक्तिप्रत्यय प्रमाण मराठीतील ‘-ला’इतकाच नियमबद्ध आहे, ‘करून राहिली’ ही चालू क्रिया दाखविणारी, वऱ्हाडी-नागपुरीची स्वतःची पक्की रचना आहे. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाच्या १९०५ च्या सातव्या खंडात या बोलींचे नमुने आणि व्याकरण नोंदविलेले आहे. ती अशुद्धे असती, तर त्यांचे व्याकरण मांडता आले नसते. दूरचित्रवाणीने या बोलीला बहुधा विनोदापुरते वापरले. त्याची सवय झालेला प्रेक्षक ती गंभीरपणे वापरलेली पाहून बिचकतो, एवढेच.

तरीही मी तिला सगळेच वऱ्हाडीत लिही, असे म्हणालो नाही. प्रश्न सांगलीपर्यंत पोहोचायचा असेल, तर तो सर्वांना कळेल अशा साध्या प्रमाण मराठीत असावा. उत्तर मात्र ज्याचे त्याने आपल्या बोलीत द्यावे, आणि वाहिनीच्या मालकिणीनेही. बोली कोठे आणि प्रमाणभाषा कोठे, हे प्रसंगानुसार ठरविणे हेच भाषिक कौशल्य; एकीची लाज बाळगून दुसरी वापरणे म्हणजे कौशल्य नव्हे.

तिने ते वाक्य पुन्हा लिहिले. त्याखाली देवळीच्या एका बाईंचे उत्तर आले, ‘आमच्याकडे बी तसंच करतेत.’

स्वाध्याय : आपल्या गावातील एक काम निवडा, कापूस वेचणे, संत्र्याची छाटणी, पापड लाटणे, काहीही चालेल. त्यावर पंधरा शब्दांच्या आत एक प्रश्न आणि चार पर्याय लिहा. तो प्रश्न मोठ्याने आपल्या घरातील वडीलधाऱ्या माणसाला विचारा. त्याने ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच म्हटले, तर प्रश्न बदला. त्याने गोष्ट सांगायला सुरुवात केली, तर ती त्याच्याच शब्दांत उतरवून संपर्कसत्राला घेऊन या.