बेचाळीस किलोमीटरांचा हिशेब

२२ ऑगस्ट १९२० रोजी बेल्जममधील अँटवर्प शहरी ऑलिंपिक सामन्यांतील मॅरेथॉन शर्यत झाली. तीत हिंदुस्थानच्या वतीने दोघे धावपटू उतरले होते. त्यांपैकी बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले यांनी २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत शर्यत पुरी करून एकोणिसावा क्रमांक मिळविला. दुसरे, सदाशिव दातार, यांना ती पूर्ण करता आली नाही. ऑलिंपिकमधील आपल्या पहिल्यावहिल्या मॅरेथॉनचा जमाखर्च हा एवढाच. पण ज्याला आयुष्यात प्रथमच ही शर्यत धावावयाची आहे, त्याने तो नीट वाचण्यासारखा आहे.

हे धावपटू अँटवर्पला पोचले, त्याचे श्रेय बव्हंशी पुण्याच्या डेक्कन जिमखान्याला व तिचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा यांना जाते. १९१९ च्या सुमारास जिमखान्याच्या सामन्यांत शेतकरी घरांतील मुले अनवाणी धावताना दोराबजींनी पाहिली. आधुनिक शिक्षणाचा त्यांना गंधही नव्हता. तरी त्यांच्या वेळा युरोपातील धावपटूंच्या जवळपास येत होत्या. आपल्याकडे या विषयाची जाण त्या काळी किती होती, याचा एक मजेदार दाखला दोराबजींनीच नोंदविला आहे. शंभराच्या शर्यतीला किती वेळ लागावा, असे विचारता एका जबाबदार सभासदाने एक-दोन मिनिटांचा अंदाज दिला. येथे मिनिटांचा नव्हे, सेकंदाच्या अंशांचा प्रश्न असतो, हे ऐकून ते गृहस्थ थक्क झाले! अंगात बळ भरपूर, पण हिशेब ठाऊक नाही, अशी ही स्थिती होती. मॅरेथॉनमध्ये मात्र हिशेबाला बळाइतकेच महत्त्व असते.

अंतराचाच हिशेब आधी घेऊ. आज मॅरेथॉन ४२ किलोमीटर १९५ मीटरांची, म्हणजे २६ मैल ३८५ यार्डांची असते. हे माप १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये पडले आणि १९२१ मध्ये कायम झाले. अँटवर्पचा मार्ग त्याहूनही लांब, ४२.७५ किलोमीटरांचा होता. म्हणजे चौगुले यांनी प्रत्येक किलोमीटर सरासरी चार मिनिटांत कापला. शर्यत जिंकणारे फिनलंडचे हान्नेस कोलेहमाइनेन यांची सरासरी साडेतीन मिनिटांच्या थोडी वर होती. आकडा नुसता ऐकून अंतराची कल्पना येत नाही. सुरत जिल्ह्यातील पलसाण्याहून निघून सुरत शहर गाठावे आणि न थांबता पायीच परत यावे, तर साधारण तेवढी मजल होईल. पंचवीस किलोमीटर आनंदाने धावणारी माणसे पुष्कळ आढळतात. मग बिघडते ते तिसाव्याच्या पुढे. असे का व्हावे?

याचे उत्तर शरीराच्या कोठारात आहे. आपण खाल्लेला भात, भाकरी, गूळ यांपासून तयार झालेली साखर स्नायूंत व यकृतात ग्लायकोजेनच्या रूपाने साठते. हा साठा सामान्यतः दोन हजार उष्मांकांच्या आसपास असतो. साठ किलो वजनाच्या माणसाला एक किलोमीटर धावण्यास सुमारे साठ उष्मांक लागतात. म्हणजे मॅरेथॉनचा खर्च अडीच हजारांवर जातो. जमा दोन हजार, खर्च अडीच हजार! उरलेली तूट चरबी भरून काढते. चरबीला तोटा नाही. सडपातळ माणसाच्या अंगातही हजारो उष्मांकांची चरबी असते. परंतु ती सावकाश जळते आणि तिला प्राणवायूही अधिक लागतो. वेग वाढविला की शरीर चरबी सोडून साखरेकडे धावते. आरंभीच्या उत्साहात जो किलोमीटरमागे अर्धे मिनिट वाचवितो, तो हे कोठार भराभर रिकामे करीत असतो. मग तिसाव्या-पस्तिसाव्या किलोमीटरला पाय शिशासारखे जड होतात, डोके सुन्न होते. तेथे मनोधैर्याच्या गोष्टी फारशा उपयोगी पडत नाहीत, कारण कोठारच रिकामे झालेले असते. शेवटच्या दहा किलोमीटरांची शर्यत पहिल्या दहांत जिंकली वा हरली जाते, असे जाणकार म्हणतात, त्यात अतिशयोक्ती नाही.

म्हणून नवशिक्याने आपला वेग आधीच ठरवावा. पाच तासांत शर्यत पुरी करावयाची असेल, तर किलोमीटरला सात मिनिटे पुरेत. पहिले काही किलोमीटर हा वेग हास्यास्पद वाटेल, मागून येणारे पुढे जातील, जाऊ द्यावेत. वाटेत दर तासाला तीस ते साठ ग्रॅम साखर पोटात जावी. एका मध्यम केळ्यात सुमारे पंचवीस ग्रॅम असते. मात्र धावताना खाण्याची पोटालाही सवय लागते. शर्यतीच्या दिवशी नवा पदार्थ किंवा नवे बूट वापरणे म्हणजे संकटाला आमंत्रण होय.

दुसरा हिशेब उष्णतेचा. धावताना खर्च होणाऱ्या शक्तीचा सुमारे तीन चतुर्थांश भाग उष्णता होऊन बाहेर पडतो. घाम वाळला तरच अंग निवते. अँटवर्पची हवा त्या दिवशी थंड व पावसाळी होती. दक्षिण गुजरातेतील दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता टपकतो. तेथे सूर्योदयापूर्वी धावणे हाच मार्ग. मुंबईत २००४ पासून होणारी मोठी मॅरेथॉन जानेवारीत व भल्या पहाटे सुरू होते, त्याचे कारणही हेच. आपल्याला पाणी किती लागते, हे पाहण्याची युक्ती सोपी आहे. तासभर धावण्यापूर्वी व नंतर वजन करावे. जितके किलो घटले, जवळजवळ तितके लिटर पाणी गेले. पण तहान नसता घागरी रिचविणेही घातक असते. त्याने रक्तातील मीठ उतरते, भ्रम होतो, क्वचित प्राणावरही बेतते.

राहिली तयारी. नियमाने दहा किलोमीटर धावणाऱ्यास चार-पाच महिने, अगदी नवख्यास वर्ष द्यावे. हृदय व फुप्फुसे काही आठवड्यांत सुधारतात. हाडे व स्नायुबंध मात्र महिनोन्‌महिने मागे रेंगाळतात. दम वाढला म्हणून अंतर एकदम वाढविणारा नेमका येथेच फसतो आणि नडगी किंवा टाच धरून बसतो. आठवड्याचे अंतर दहाव्या हिश्शाहून अधिक वाढवू नये. आठवड्यातून एक लांब धाव घ्यावी. ती हळूहळू तीस-बत्तीस किलोमीटरांपर्यंत न्यावी आणि बोलता येईल इतक्याच वेगाने धावावी. शर्यतीपूर्वीचे दोन-तीन आठवडे अंतर निम्म्यावर आणावे. हे शेवटचे पथ्य पाळणे सर्वांत जड जाते. चाळिशी उलटलेल्याने किंवा छातीत कधी दुखले असेल त्याने डॉक्टरांचा सल्ला घेतल्याशिवाय यातले काहीही करू नये.

पण प्रत्येकाची दिनचर्या सारखी नसते. पलसाणा तालुक्यात, कडोदऱ्याच्या बाजूस, कापड रंगविण्या-छापण्याचे कारखाने आहेत. सुरतेच्या कापडधंद्यात खानदेशातून आलेली मराठी माणसे पुष्कळ आहेत. बारा तासांच्या पाळीत उभे राहून, वाफेच्या उकाड्यात घाम गाळून घरी आलेल्या माणसाला पुस्तकातले वेळापत्रक जसेच्या तसे लागू पडत नाही. पाळी हाही शरीराच्या दृष्टीने एक खर्चच आहे. अशाने आठवड्यातून तीन दिवसच धावावे, लांब धाव सुटीच्या पहाटे ठेवावी आणि रातपाळीच्या आठवड्यात ती खुशाल गाळावी. झोप बुडवून मारलेले किलोमीटर पदरात पडत नाहीत. धावण्याला मुंबई-अहमदाबाद महामार्ग टाळावा. मालमोटारींच्या रहदारीत पहाटेच्या अंधारी धावणे शहाणपणाचे नाही. उसाच्या शेतांमधून जाणारे, कालव्याकाठचे मातीचे रस्ते पायांना मऊही असतात आणि निर्धोकही. सोबतीला एखादा जोडीदार असला म्हणजे बरे.

शर्यत संपली की एकाएकी थांबू नये अथवा बसकण मारू नये. पायांत उतरलेले रक्त वर चढण्यास वेळ लागतो व भोवळ येते. म्हणून दहा-पंधरा मिनिटे चालत राहावे, कोरडे कपडे घालावेत, थोडे मीठ व गोड खावे. पुढे दोन-तीन दिवस जिना चढण्यापेक्षा उतरणे कठीण जाते. स्नायूंच्या तंतूंना झालेल्या बारीक इजांचा तो परिणाम असतो व आपोआप ओसरतो. आठवडाभर धावण्याचे नाव काढू नये. लांब धाव तर महिन्याच्या आत मुळीच नको.