बऊर ते इंदापूर : बंदोबस्ताची तेरा वर्षे

राज्यात कुणालाही सरकारला जाब विचारायचा झाला की त्याची पावले बारामतीकडे वळतात. मुंबईचे मंत्रालय लांब पडते, बारामती पंढरपूरहून चालत गाठता येते. गेल्या दीड दशकात ऊस उत्पादक आले, धनगर समाज आला, मराठा समाजाचे मोर्चे निघाले. अशा दिवसांत बारामती-इंदापूर रस्त्यावरच्या आमच्या पिंपळी-लिमटेककडचे लोक एकमेकांना एकच विचारतात, "बंदोबस्त किती आलाय?" बंदोबस्त कसा आहे, त्याला हुकूम काय आहेत, हे कुणी विचारत नाही. मावळापासून इंदापूरपर्यंत पसरलेला हा मुलूख पुणे ग्रामीण पोलिसांच्या हद्दीत येतो. या एकाच दलाने २०११ ते २०२४ या काळात बळ कुठे वापरले, कुठे वापरायची वेळ येऊ दिली नाही आणि किंमत कुणी मोजली, हे सलग मांडून पाहायला हवे.

सुरुवात बऊरपासूनच करावी लागते. ९ ऑगस्ट २०११, क्रांतिदिन. पवना धरणाचे पाणी बंद जलवाहिनीतून थेट पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या योजनेला मावळातल्या शेतकऱ्यांचा विरोध होता. पाणी नळातून गेले तर नदी कोरडी पडेल आणि काठच्या उपसा योजना बसतील, ही त्यांची भीती. त्या दिवशी बऊरजवळ त्यांनी पुणे-मुंबई द्रुतगती मार्ग अडवला. दगडफेक झाली, लाठ्या चालल्या, अश्रुधूर सोडला गेला आणि मग गोळीबार. तिघे गेले, त्यांत एक बाई होती. जखमी दोन्ही बाजूंना झाले. संध्याकाळपर्यंत दूरचित्रवाणीवर घराघरांत जी दृश्ये दिसली ती माणसे विसरली नाहीत: रस्त्याकडेला उभ्या गाड्यांच्या काचा फोडणारे पोलीस आणि पांगत चाललेल्या लोकांच्या दिशेने रोखलेली हत्यारे. शासनाने न्यायमूर्ती एम. जी. गायकवाड यांचा चौकशी आयोग नेमला.

पोलिसांची बाजू स्वसंरक्षणाची होती. इथे जरा थांबून पाहायला हवे, कारण आपल्याकडच्या जवळजवळ प्रत्येक गोळीबारानंतर हाच घोळ होतो. कायद्यात दोन निरनिराळ्या वाटा आहेत. पहिली जमाव पांगवण्याची. तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२९, आताच्या नागरिक सुरक्षा संहितेचे १४८. त्यात आधी हुकूम द्यावा लागतो: हा जमाव बेकायदा आहे, निघून जा. कार्यकारी दंडाधिकारी किंवा ठाण्याचा प्रभारी अधिकारी हा हुकूम देतो. प्रभारी नसेल तर किमान उपनिरीक्षकाच्या दर्जाचा अधिकारी. लोक हलले नाहीत तर बळ, आणि तेही पांगवण्यापुरते. दुसरी वाट खासगी बचावाची. ती तुम्हाआम्हाला आहे तशीच शिपायालाही आहे. अंगावर कुऱ्हाड आली तर त्याने कुणाच्या हुकमाची वाट पाहायची नाही. पण हा हक्क धोका असेपर्यंतच टिकतो. धोका पाठ फिरवून पळू लागला की हक्क संपला. जमाव पांगवायला निघालेले दल मध्येच चिडून पळत्या माणसामागे लागते आणि मागाहून कागदावर "स्वसंरक्षणार्थ" लिहिले जाते, तेव्हा दोन्ही वाटा सुटलेल्या असतात. पाठीत लागलेली गोळी स्वसंरक्षणाची कशी, हा प्रश्न शवविच्छेदनाच्या टेबलावर टाळता येत नाही.

बऊरनंतर तीनच महिन्यांनी, नोव्हेंबर २०११ मध्ये, राजू शेट्टींच्या नेतृत्वाखाली स्वाभिमानी शेतकरी संघटनेची पदयात्रा पंढरपूरहून बारामतीला आली. उसाच्या पहिल्या उचलीची मागणी होती. बारामतीत उपोषण सुरू झाले, ऊस पट्ट्यातून माणसे जमत गेली. जिल्हा तोच, दल तेच, आणि मावळची जखम ओली. तरी तोडगा चर्चेतून निघाला. माझ्या मते त्या आठवड्यात गोळी टळली याचे श्रेय लाठीला किंवा ढालीला नाही. दोन्ही बाजूंना बोलायला माणूस होता आणि बोलण्याला वेळ होता, म्हणून ती टळली.

पुढच्याच वर्षी हे चित्र फिरले. नोव्हेंबर २०१२, दिवाळी तोंडावर. तेव्हाचे सहकारमंत्री हर्षवर्धन पाटील इंदापूरचे, म्हणून संघटनेने आंदोलन इंदापुरात आणले. पहिली उचल टनाला तीन हजार हवी, अशी मागणी होती. शेट्टींना अटक झाली आणि आंदोलन राज्यभर भडकले. सांगली जिल्ह्यात वसगडे इथे पोलिसांच्या गोळीने एक शेतकरी गेला. इंदापूरच्या आंदोलनात एकाचा वाहनाखाली सापडून मृत्यू झाला. या दुसऱ्या मृत्यूची चर्चा फार थोडी झाली. गोळीची चौकशी होते, रस्त्यावरच्या पळापळीची होत नाही. खरे तर जमाव पांगवण्याच्या आराखड्यात माणसे कुठून बाहेर पडतील, वाहतूक कुठे अडवायची, हेच आधी ठरवायचे असते. महामार्गावर चालती वाहने असताना लोकांना पळायला लावणे हाही बळाचाच वापर आहे, हातात लाठी असो वा नसो.

जुलै २०१४ मध्ये धनगर समाजाची आरक्षणासाठीची पदयात्रा पंढरपूरहून बारामतीत आली, उपोषण झाले, देवेंद्र फडणवीस तिथे येऊन आश्वासन देऊन गेले. आश्वासनाचे पुढे काय झाले हा निराळा आणि मोठा विषय आहे. बंदोबस्ताच्या अंगाने पाहायचे तर पुन्हा तेच: मोठा समुदाय, तापलेली मने, आणि वाटाघाटीचे दार उघडे.

ग्रामीण हद्दीत एक गोष्ट शहरापेक्षा वेगळी असते. पुणे शहरात दंडाधिकाऱ्याचे बरेच अधिकार पोलीस आयुक्तांकडे आहेत. इथे ते महसूल खात्याकडे आहेत, म्हणजे प्रांत आणि तहसीलदारांकडे. म्हणून मोठ्या बंदोबस्तात तहसीलदार किंवा नायब तहसीलदार हजर असावा लागतो. ही रचना चांगली आहे. लाठी ज्याच्या हातात आहे त्याच्याखेरीज आणखी एक डोके निर्णयात असते, आणि त्या डोक्याला गावचे सातबारे, पाण्याचे वाद, पुढारी, सगळे ठाऊक असते. पण प्रत्यक्षात हा अधिकारी गर्दीत कोपऱ्यात उभा राहतो, ध्वनिक्षेपक पोलिसांकडे असतो, आणि इशारा दिला की नाही, दिला तर किती वाजता, याची नोंद दुसऱ्या दिवशी ठाण्यात बसून होते. नोंद त्याच क्षणी व्हायला हवी. ती लोकांपेक्षाही शिपायाच्या जास्त कामाची असते, कारण उद्या चौकशीत त्यालाच विचारतात: हुकूम कुणाचा होता?

पोलिसांच्या जिवाचा प्रश्न बाजूला ठेवून हा विषय बोलणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. जुलै २००६ मध्ये भिवंडीत पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून दंगल उसळली, पोलिसांच्या गोळीबारात दोघे गेले आणि जमावाने दोन पोलीस शिपायांचा जीव घेतला. ३० जुलै २०१८ ला चाकणला बसगाड्या पेटल्या आणि पोलिसांवर दगड बरसले. चाकण तेव्हा पुणे ग्रामीणमध्येच होते. त्याच वर्षी १ जानेवारीला कोरेगाव भीमाच्या हिंसाचारात एका तरुणाचा जीव गेला, आणि तिथला आक्षेप उलट होता: बंदोबस्त अपुरा पडला, वेळेत पोचला नाही. न्यायमूर्ती जे. एन. पटेल यांचा आयोग त्यासाठी बसला. बळ जास्त झाले म्हणून माणसे मरतात तशी तयारी कमी पडली म्हणूनही मरतात, आणि दोन्हींचे मूळ बहुधा आदल्या दिवशीच्या नियोजनात सापडते. थोडे शिपाई, मोठा जमाव, निम्म्यांच्या डोक्यावर हेल्मेट नाही, मागे माघारीची वाट नाही: अशा ठिकाणी भेदरलेला माणूस चाप लवकर ओढतो.

शिपायाच्या थकव्याचा हिशेबही यात धरायला हवा. तुकोबांची पालखी बारामतीचा मुक्काम हलवून काटेवाडीकडे निघते त्या सकाळी पिंपळी-लिमटेकला उभे राहून बघावे. दिंड्या येण्याच्या कितीतरी आधीपासून शिपाई उभे असतात. पावसाने भिजलेली टोपी, काखेत दाबलेली लाठी, शिट्टी दातांत. रथ जवळ आला की लाठी मागे जाते आणि हातात हात गुंफून साखळी होते. म्हातारीला खांद्याला धरून कडेला घेतात, "माउली, इकडनं" म्हणतात. गावातली पोरे त्यांना चहा नेऊन देतात. एवढा अफाट समुदाय लाठी न उगारता सांभाळणारे हेच दल, आणि बऊरचेही हेच. वारीत लोक शिस्तीचे असतात हे खरेच. पण मार्ग, मुक्काम, दिंड्यांचे क्रम, पाणी, सगळे महिनाभर आधी बोलून ठरलेले असते हेही तितकेच खरे. हे बोलणे जिथे कमी पडले तिथे वारीतही ठिणगी उडते. ११ जून २०२३ ला आळंदीत मंदिरप्रवेशावरून वारकरी आणि पोलीस भिडले. विरोधक लाठीमार म्हणाले, शासन झटापट म्हणाले. आणि वारीचा बंदोबस्त संपवून घरी गेलेला शिपाई दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर असतो. २०१६ मध्ये मुंबईच्या देवनार ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला होता. ग्रामीण शिपायापर्यंत तो कधी पोचायचा?

आता जबाबदारीचे. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात राज्य राखीव दलाच्या गोळीबारात दहा जण मारले गेले. टँकर पेटण्याचा धोका होता, असे समर्थन पुढे आले. गुंडेवार आयोगाने ते मान्य केले नाही, गोळीबार असमर्थनीय ठरवला. उपनिरीक्षक मनोहर कदम यांना २००९ मध्ये सत्र न्यायालयाने जन्मठेप दिली, पुढे उच्च न्यायालयातून त्यांना जामीन मिळाला. बारा वर्षे. तोवर मृतांच्या घरातली पोरे वाढून बाप झाली. हा निकाल तरी लागला. बहुतेक प्रकरणे खटल्याच्या परवानगीपाशीच अडतात. चांगल्या हेतूने केलेल्या कारवाईला कायद्याचे कवच आहे, शासनाच्या मंजुरीशिवाय खटला चालत नाही, आणि हे कवच असायलाही हवे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१८ ने सर्वसाधारण मंजुरीला १२० दिवसांची मुदत घातली, तेवढ्यात निर्णय झाला नाही तर मंजुरी मिळाली असे धरायचे. ही सुधारणा मोलाची आहे.

नुकसानभरपाई मात्र शासन देते, म्हणजे आपण सगळे देतो. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९३ च्या नीलाबती बेहरा निकालापासून कोठडीतल्या मृत्यूला सार्वभौमत्वाची ढाल चालत नाही हे पक्के झाले. पण भरपाईचा धनादेश निघाला तरी त्या ठाण्यातली कामाची पद्धत तशीच राहते. अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइडच्या कुटुंबाला मिनियापोलिस शहराने २.७ कोटी डॉलर दिले, त्याच्या मानेवर गुडघा ठेवणारा अधिकारी तुरुंगात गेला, आणि शेजारी उभे राहून न रोखणारे सहकारीही दोषी ठरले. या शेवटच्या गोष्टीपासून आपण शिकावे. तिथल्या बहुतेक मोठ्या दलांचे बळवापराचे नियम लेखी आणि कुणालाही वाचायला खुले असतात. आपल्याकडे पोलीस सुधारणांबद्दलच्या प्रकाश सिंह निकालानंतर, २०१४ मध्ये कायदा बदलून पोलीस तक्रार प्राधिकरण आले. ते आहे हेच बारामती-इंदापुरातल्या बहुतेकांना माहीत नाही.

१ सप्टेंबर २०२३ ला जालन्याच्या अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या उपोषणाच्या ठिकाणी लाठीमार झाला. पोलीसही मोठ्या संख्येने जखमी झाले. चार दिवसांच्या आत गृहमंत्री फडणवीसांनी माफी मागितली, जिल्ह्याच्या अधीक्षकांना सक्तीच्या रजेवर पाठवले गेले. माफी मागितली हे चांगलेच झाले. पण हुकूम नेमका कुणी दिला, या साध्या प्रश्नावर राज्यभर महिनोन्महिने वाद चालला. त्याच्या बारा वर्षे आधी बऊरलाही हाच प्रश्न होता.

२४ मे २०२४ ला खुद्द इंदापुरात तहसीलदारांच्या गाडीवर भर रस्त्यात हल्ला झाला, मिरची पूड टाकली गेली. जो अधिकारी जमावाला पांगण्याचा हुकूम देणार, तोच सुरक्षित नाही. त्यानंतर पाच आठवड्यांनी, १ जुलैला, नवे फौजदारी कायदे लागू झाले. सरकारी नोकरावर हल्ल्याची शिक्षा महाराष्ट्राने २०१८ मध्ये पाच वर्षांपर्यंत वाढवली होती. नव्या न्याय संहितेत कलम १३२ खाली ती पुन्हा दोन वर्षांपर्यंतच आहे. शिक्षा वाढवून हल्ले थांबतात असे मी मानत नाही, पण शिपायाला आणि तहसीलदाराला वाऱ्यावर सोडल्यासारखे वाटू नये, एवढे तर व्हावे.

मार्च २०२४ मध्ये बारामती तालुक्यात बऱ्हाणपूरला पोलीस उपमुख्यालयाचे उद्घाटन झाले. मैदान आहे, इमारती आहेत. प्रांत, तहसीलदार, पोलीस निरीक्षक आणि राखीव दलाचे अधिकारी यांनी तिथे एकत्र सराव करावा: इशारा कसा द्यायचा, नोंद कुणी ठेवायची, लोकांना बाहेर पडायला कोणता रस्ता मोकळा ठेवायचा, जखमीला, मग तो कुणीही असो, पहिल्यांदा कोण उचलणार. बंदोबस्ताच्या आदेशपत्रावर बळ वापरण्याचा हुकूम देणाऱ्याचे नाव आधीच लिहिलेले असावे आणि त्याची प्रत शिपायाच्या खिशात असावी. ऊसदराची पहिली सभा ऑक्टोबरात होते, कारखान्यांची धुराडी त्याच्या मागोमाग पेटतात. हा सराव सप्टेंबर संपण्याआधी व्हायला हवा.