मिनास तिरिथचे ग्रंथभांडार आणि वाचकाचा अधिकार

कल्पित नगराची रचना करणारा लेखक तट, वेशी, राजवाडा आणि बाजारपेठ यांची आखणी करतो, तेव्हा त्या नगरातील विद्या कोठे ठेवावयाची आणि ती कोणाच्या हाती पडावयाची, हेही त्याला जाणता-अजाणता ठरवावे लागते. जे. आर. आर. टोल्किन (१८९२–१९७३) यांची ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही बृहत्कथा १९५४-५५ मध्ये तीन भागांत प्रसिद्ध झाली. तीतील मिनास तिरिथ हे सात तटांचे नगर वाचकाच्या स्मरणात राहते ते मुख्यतः त्याला पडलेल्या वेढ्यामुळे. त्या नगरातील ग्रंथभांडाराचा उल्लेख कथेत तुरळक येतो आणि वाचकही त्यावरून सहज पुढे जातो. वस्तुतः साऱ्या कथानकाची कळ या भांडारातील एका गुंडाळीत दडलेली आहे. ती गुंडाळी कोणी वाचली, कोणाला वाचावयास मिळाली नाही आणि का, याचा शोध घेऊ लागले असता ग्रंथालय सार्वजनिक असणे म्हणजे नेमके काय, या प्रश्नाशी येऊन थांबावे लागते.

मिनास तिरिथ ही गोंडोर या राज्याची राजधानी. कथेच्या काळी तेथील राजवंश खुंटून जवळजवळ एक हजार वर्षे लोटली आहेत आणि राजाच्या नावाने वंशपरंपरागत कारभारी राज्य चालवीत आहेत. मराठी वाचकाला येथे पेशवाईचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. मात्र साताऱ्याची गादी रिकामी नव्हती, गोंडोरची आहे. या राज्याच्या आरंभी इसिल्दुर या राजपुरुषाने सॉरोन या दुष्ट सत्ताधीशाच्या हातातील अंगठी हस्तगत केली आणि ती नष्ट न करता स्वतःजवळ ठेविली. उत्तरेकडे जाण्यापूर्वी त्याने नगरात एक लेख लिहून ठेविला. अंगठी हाती आली तेव्हा ती तप्त होती, तीवर अक्षरे दिसत होती व ती थंड होताच अक्षरे पुसट होत गेली, असे त्याने त्यात नोंदविले. त्या अक्षरांची भाषा त्याला अवगत नव्हती, तरी त्याने त्यांची नक्कल करून ठेविली. सोने पुन्हा तापविल्यास अक्षरे उजळतील, असा तर्कही त्याने मांडला. हा लेख ठेवण्याचा हेतू त्याने स्वतःच सांगितला आहे: पुढे काळाच्या ओघात या गोष्टींची स्मृती मंदावू नये. यानंतर इसिल्दुर मारला गेला, अंगठी नदीत पडली आणि लेख मात्र दप्तरात सुरक्षित राहिला.

तो सुरक्षित राहिला, पण स्मृती मंदावलीच. तीन हजार वर्षांनंतर गँडाल्फ हा ज्ञानी पुरुष या नगरात येतो, तेव्हा राजवंश खुंटल्यापासून तो लेख आपल्यापूर्वी केवळ एकाच व्यक्तीने वाचला असावा, असे अनुमान त्याला काढावे लागते. ती व्यक्ती म्हणजे सारुमान. गँडाल्फ येथवर कसा पोहोचला, हे संशोधनाच्या विद्यार्थ्यांनी आवर्जून पाहण्यासारखे आहे. सारुमानने एका सभेत अंगठीवरील खुणांचा उल्लेख केला होता. आपणांस ही माहिती कोठून मिळाली, हे मात्र सांगितले नव्हते. विद्वत्ता कितीही थोर असली तरी तिला काही आधार असलाच पाहिजे, एवढ्या एका विचारावर गँडाल्फ आधार शोधीत मिनास तिरिथच्या दप्तरापर्यंत येतो. न दिलेल्या तळटीपेचा असा माग काढणारे प्रकरण अद्भुतकथेत विरळाच आढळेल.

या नगरात वाचकाला प्रवेश मिळतो तो कोणत्याही नियमाने नव्हे. कारभारी डेनेथॉर याच्या मर्जीने. तो गँडाल्फला नाखुशीने परवानगी देतो आणि देताना बजावतो की, येथे दीर्घकाळ अभ्यास केलेल्या सारुमानहून अधिक कौशल्य अंगी असल्याखेरीज मला ठाऊक नाही असे काहीही तुला येथे सापडणार नाही. या उद्गारात त्या भांडाराची सारी व्यवस्था प्रकट झाली आहे. डेनेथॉर अज्ञ नाही. नगराच्या पूर्वविद्येचा तो खरोखरच जाणकार आहे. परंतु ज्या कपाटाची किल्ली आपल्याकडे आहे त्यातील प्रत्येक कागद आपल्याला माहीत आहे, असा समज किल्ली बाळगणाऱ्यास सहज होतो. गँडाल्फचे अनुमान खरे मानल्यास, राज्याच्या भवितव्याशी निगडित असा सर्वांत महत्त्वाचा कागद डेनेथॉरने पाहिलेलाच नव्हता.

याची किंमत प्रथम त्याच्याच घराला द्यावी लागली. त्याच्या दोघा पुत्रांना स्वप्नात एक गूढ वचन ऐकू येते. त्यात ‘इसिल्दुरचा काळ’ जागा होणार असल्याचा संकेत आहे. पुत्र पित्याला अर्थ विचारतात. पिता इतकेच सांगतो की, वचनात आलेले स्थलनाम हे दूर उत्तरेकडील एका दरीचे जुने नाव आहे. थोरला पुत्र बोरोमिर अर्थ शोधण्यासाठी एकशेदहा दिवसांचा एकाकी, खडतर प्रवास करून त्या दरीत पोहोचतो. तेथील सभेत अंगठीची कथा ऐकल्यावर तो म्हणतो की, अशी कथा दक्षिणेत कधी सांगितली गेली असली, तरी ती केव्हाच विसरली गेली आहे. त्याच सभेत त्याच्या डोळ्यांदेखत उघड होते की, त्या कथेचा मूळ लेख त्याच्या पित्याच्या नगरात पडून आहे. टोल्किन यांनी या विसंगतीवर एका शब्दाचेही भाष्य केलेले नाही.

येथे एक आक्षेप संभवतो आणि तो क्षुल्लक नाही. गोंडोर शत्रूच्या सीमेवर आहे. अंगठीचे ज्ञान घातक आहे. असे कागद सर्वांना खुले करणे शहाणपणाचे झाले असते काय? शिवाय बोरोमिरला सत्य कळल्यानंतर तोच पुढे अंगठी बळकावू पाहतो, हा पुरावा आक्षेपकाच्या बाजूचा आहे. तथापि कथेतील वस्तुस्थिती बारकाईने पाहिली तर बंद दाराने नेमके कोणाला अडविले, हे दिसून येते. सारुमान विख्यात होता, सत्ताधाऱ्यांच्या विश्वासातला होता. त्याला दार उघडेच होते. त्याने लेख वाचला, त्यातील ज्ञान स्वतःपाशी ठेविले आणि अंगठीची अभिलाषा धरली. ज्याच्यापासून जपावयाचे, त्याला दाराची अडचण पडली नाही. ज्यांना सावध करावयाचे, ते सारे बाहेर राहिले. मर्जीवर चालणाऱ्या ग्रंथालयाचा हा अंगभूत दोष होय, कारण मर्जी संपादन करणे हे सज्जनापेक्षा समर्थाला अधिक सुकर असते. बोरोमिरविषयी म्हणावयाचे तर इसिल्दुरच्या लेखात अंगठीने दिलेल्या दाहाची आणि तरीही ती प्रिय वाटत असल्याची कबुली आहे. मोहाचे असे आत्मकथन ज्याला लहानपणीच वाचावयास मिळाले असते, तो त्या मोहाला एका सकाळच्या ऐकीव माहितीवर सामोरा गेला नसता.

मर्जी आणि नियम यांतील अंतर टोल्किन यांना परक्या ठिकाणी शोधावे लागले नसते. ज्या ऑक्सफर्डमध्ये ते १९२५ पासून १९५९ पर्यंत प्राध्यापक होते, तेथील बोडलियन ग्रंथालय १६०२ मध्ये वाचकांसाठी उघडले. ग्रंथ बाहेर न देण्याचा त्याचा दंडक इतका कडक होता की, १६४५ मध्ये ऑक्सफर्डमध्ये तळ ठोकून असलेल्या पहिल्या चार्ल्स राजाने एक ग्रंथ मागविला असता ग्रंथपालाने त्याला नियम दाखविले आणि राजाने मागणी सोडून दिली. हा नियम उदार नव्हता. पण तो राजालाही लागू होता, आणि म्हणून राजाच्या खालच्या माणसाला त्यावर विसंबता येत असे. मिनास तिरिथमध्ये असा नियम असता तर गँडाल्फला आर्जव करावे लागले नसते आणि सारुमानचे नाव वाचकांच्या वहीत नोंदले गेले असते.

अर्थात नियम असला म्हणजे न्याय असतोच, असेही नाही. व्हर्जिनिया वुल्फ यांच्या ‘ए रूम ऑफ वन्स ओन’ (१९२९) या निबंधात ऑक्सब्रिज नावाचे एक कल्पित विद्यानगर आहे. मिल्टन आणि थॅकरे यांची हस्तलिखिते पाहण्यासाठी निवेदिका तेथील ग्रंथालयाचे दार उघडते, तोच एक वृद्ध गृहस्थ हलक्या आवाजात दिलगिरी व्यक्त करून तिला परत फिरवितो. कारण महाविद्यालयाच्या सदस्याची सोबत किंवा परिचयपत्र असल्याखेरीज स्त्रियांना तेथे प्रवेश नाही. हे नगर अद्भुतकथेतील नव्हे. ती दोन्ही हस्तलिखिते केंब्रिजच्या ट्रिनिटी महाविद्यालयाच्या संग्रहात आहेत, त्यामुळे कल्पित नावाआडचे खरे दारही ओळखता येते. डेनेथॉरची कुरकुर आणि या गृहस्थाचे सौजन्य यांत वाचकाच्या दृष्टीने फारसा फरक नाही. फरक असलाच तर एवढा की, नियम लिहिलेला असल्यामुळे त्यावर बोट ठेवून तो बदलण्याची मागणी करता येते.

दार उघडले तरी दुसरा उंबरठा शिल्लक राहतो, तो लिपीचा. मिनास तिरिथच्या भांडारात चर्मपत्रे, शिलालेख, सोन्याचांदीच्या पत्र्यांवरील लेख आहेत. परंतु त्यांतील काही आता कोणालाच वाचता येत नाहीत, असे धाकटा पुत्र फॅरामिर सांगतो. त्याला थोडेसे वाचता येते, ते शिक्षण मिळाल्यामुळे. मोडी लिपीतील रुमालांपुढे बसलेल्या महाराष्ट्रातील अभ्यासकाला हा अनुभव निराळा सांगावयास नको. पुण्याच्या पेशवे दप्तरातील निवडक कागद गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० पासून ४५ खंडांत छापले गेले, तेव्हा त्यांतील मराठी कागद दप्तराच्या दाराबरोबर लिपीचीही अडचण ओलांडून वाचकांपर्यंत आले. शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांत प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे, असे एक सूत्र आहे. ग्रंथ मांडणीवर ठेवून ते पूर्ण होत नाही, हे अशा उदाहरणांवरून कळते.

ग्रंथांतरी अडकलेल्या विद्येचे एक विनोदी चित्रही टोल्किन यांनी काढले आहे. युद्धात जखमी झालेल्यांसाठी एक वनस्पती तातडीने हवी असते. रुग्णालयाचा वनौषधिज्ञ येतो आणि तिची निरनिराळ्या भाषांतील नावे व एक जुने पद्य ऐकवितो. वनस्पती मात्र त्याच्या संग्रही नसते. म्हाताऱ्या माणसांनी ते पद्य अर्थ न समजता तोंडी राखलेले असते. गुण त्या पद्यातच सांगितलेला आहे.

याउलट शायर या खेडवळ प्रदेशात ग्रंथभांडारांची वाढ कशी झाली, हे टोल्किन यांनी प्रस्तावनेच्या शेवटी एका स्वतंत्र टिपणात दिले आहे, आणि हे टिपण कथेच्या ओघात वगळण्याची चूक करू नये. आरंभी तेथील लोकांना आधीच माहीत असलेल्या गोष्टींची, विशेषतः वंशावळींची, पुस्तके आवडत. बिल्बो हा सुखवस्तू गृहस्थ आपल्या माळ्याच्या मुलाला, सॅमला, अक्षरे शिकवितो. आणि यातून काही वाईट न होवो, अशी आशा मुलाचा बाप गुत्त्यात बोलून दाखवितो. पुढे बिल्बो आणि फ्रोडो यांनी लिहिलेला मुख्य ग्रंथ याच सॅमच्या हाती येतो आणि त्याच्या कन्येच्या वंशजांकडे जतन होतो. युद्धानंतरच्या शतकात शायरमध्ये अनेक ग्रंथसंग्रह उभे राहतात. ते घराण्यांचे आहेत, म्हणून त्यांना आजच्या अर्थाने सार्वजनिक म्हणता येणार नाही. परंतु तेथे एक गोष्ट घडते जी मिनास तिरिथमध्ये घडली नव्हती. तेथे प्रती होतात.

प्रतीचे मोल टोल्किन यांना व्यवसायाने ठाऊक होते. ‘बेओवुल्फ’ हे जुने इंग्रजी काव्य एकाच हस्तलिखितात टिकले. १७३१ च्या आगीत त्याच्या कडा करपल्या आणि पुढे त्या झडत गेल्या. आइसलंडमध्ये जन्मलेले विद्वान थोर्केलिन यांनी १७८७ च्या सुमारास त्याच्या दोन नकला मिळविल्या, म्हणून मुळातून नाहीशी झालेली कित्येक अक्षरे आज वाचता येतात. याच काव्यावर टोल्किन यांनी १९३६ मध्ये ब्रिटिश अकादमीपुढे आपले प्रसिद्ध व्याख्यान दिले.

शायरमधील मूळ ग्रंथही कथेनुसार नष्ट झाला. उरल्या त्या नकला. त्याची पहिली नक्कल नव्या राजाच्या विनंतीवरून तयार झाली आणि पेरेग्रिन या शायरच्या प्रमुखाने उतारवयात ती मिनास तिरिथला नेली. त्याने व त्याच्या वारसांनी तेथील लेखनिकांच्या हातच्या जुन्या इतिहासांच्या नकला व सारांश आपल्या घरी जमविले. पुढे त्याच्या पणतूच्या मागणीवरून फिंडेगिल या राजलेखकाने मिनास तिरिथमधील प्रतीची हुबेहूब नक्कल करून शायरला पाठविली. एल्फांच्या भाषेतून बिल्बोने केलेली भाषांतरे संपूर्ण अशी याच एका प्रतीत राहिली. आणि मिनास तिरिथमध्ये त्या ग्रंथाचे काय झाले, हेही टिपणात नोंदलेले आहे. तेथील वाचकांनी त्यावर भरपूर टीपा लिहिल्या आणि एल्फांच्या भाषेतील नावे, शब्द व अवतरणे यांतील चुका दुरुस्त केल्या.