फ्रेम नक्की कुठे पडते?

आपल्या हॉस्टेलमध्ये सगळ्या दुखण्यांवर एकच निदान असतं : 'लॅग'! गेम अडकला, लॅग. व्हिडिओ अडकला, लॅग. मेसची चपाती उशिरा आली, तरी लॅगच. आणि लॅग म्हटलं की उपाय ठरलेला, नेटवाल्याला शिव्या घाला. गेम लाइव्ह स्ट्रीम करणाऱ्यांचं बरंचसं नुकसान या एका शब्दाने केलंय असं माझं ठाम मत आहे.

या वर्षी आमच्या टेकफेस्टमध्ये काउंटर-स्ट्राइक २ ची टूर्नामेंट होती आणि स्ट्रीमिंगचं टेबल माझ्याकडे होतं. मोठ्या स्पर्धांमध्ये दोन कॉम्प्युटर असतात. एकावर गेम चालतो, दुसरा फक्त व्हिडिओ पाठवतो. आमच्या बजेटात एकच बसला. म्हणजे प्रेक्षकांना मॅच दाखवणारा गेमही त्यावरच आणि ओबीएस स्टुडिओही त्यावरच. सेमीफायनलला आमच्या स्क्रीनवर गेम लोण्यासारखा चालला होता, आणि बाहेर बघणारे लिहीत होते, "अरे, स्लाइड शो आहे का हा?" दुसऱ्या दिवशी फायनल होती. त्यात पहिल्यांदाच मुलींची टीम पोचली होती. तिची कॅप्टन माझी रूममेट. तिचे बाबा जळगावहून मोबाइलवर बघणार होते. हे तेच बाबा, ज्यांनी वर्षभर "अगं, हे गोळ्या मारायचे खेळ खेळायला पाठवलं का तुला तिकडे?" असं ऐकवलं होतं! तेव्हा स्ट्रीम नीट जाणं गरजेचंच होतं.

आता जरा थिअरी. (पानं उलटू नका, एम-थ्रीपेक्षा सोपी आहे.) सेकंदाला ६० फ्रेम पाठवायच्या म्हणजे प्रत्येक फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात तीन कामं व्हावी लागतात. पहिलं, ओबीएस गेमचं चित्र उचलतं, त्यावर वेबकॅम, स्कोअर, लोगो चिकटवतं आणि पूर्ण फ्रेम तयार करतं. हे काम ग्राफिक्स कार्डावर होतं. दुसरं, ती फ्रेम एन्कोडर दाबून लहान करतो. तिसरं, ती नेटवरून सर्व्हरकडे जाते.

एसटीचं उदाहरण घ्या. गाडी डेपोतून फलाटावर लागलीच नाही, तो एक प्रकार. फलाटावर लागली, पण माणसं आणि बोचकी आत कोंबून होईनात, हा दुसरा. आणि वेळेत सुटली, पण घाटात अडकली, हा तिसरा. गावात वाट बघणाऱ्याला तिन्ही वेळा एवढंच दिसतं की गाडी आली नाही. पण घाट रुंद केला म्हणून डेपोतली गाडी सुटणार आहे का?

ओबीएस हे तिन्ही आकडे वेगवेगळे दाखवतं. डॉक्स मेनूत 'स्टॅट्स' उघडा. तिथे रेंडरिंग लॅगमुळे चुकलेल्या, एन्कोडिंग लॅगमुळे वगळलेल्या आणि नेटवर्कमुळे टाकून दिलेल्या फ्रेम असे तीन वेगळे हिशेब असतात. नियमाने 'ड्रॉप्ड फ्रेम' म्हणजे फक्त तिसऱ्या, पण बोलताना आपण तिन्हींना तेच म्हणतो आणि घोळ तिथेच सुरू होतो.

सेमीफायनलच्या रात्री आमची अर्धी कमिटी म्हणत होती, नेटचा प्लॅन वाढवू या, पैसे गोळा करा. मी स्टॅट्स उघडलं. नेटवर्कचा आकडा शून्याच्या आसपास. एन्कोडिंग शून्य. रेंडरिंग लॅग नऊ टक्के! म्हणजे शंभरातल्या नऊ गाड्या डेपोतच उभ्या. तरी कमिटीतल्या एका सीनियरचा विश्वास बसेना. "गेम तर मख्खन चालतोय, मग कार्डावर लोड कसला?"

खरी गंमत इथेच आहे. गेम मख्खन चालत होता म्हणूनच स्ट्रीम अडकत होता. गेमला मर्यादा घातली नाही, तर तो जमतील तेवढ्या फ्रेम काढत सुटतो. आमचा दोनशेच्या वर जात होता. मॉनिटर ६० हर्ट्झचा, स्ट्रीम ६० चा, बाकीच्या सगळ्या फ्रेम वाया. त्या वाया जाणाऱ्या फ्रेमसाठी कार्ड ९९ टक्के भरलेलं, आणि बिचाऱ्या ओबीएसला स्वतःचं चित्र जोडायलाही जागा नाही. "पण आपण तर एनव्हेंक लावलंय!" असा पुढचा प्रश्न आला. एनव्हेंक हा एनव्हिडियाच्या कार्डातला एन्कोडिंगचा वेगळा भाग. तो दाबायचं काम करतो, चित्र जोडायचं नाही. जोडणी कार्डाच्या त्याच भागावर होते जिथे गेम बसलेला असतो. त्यामुळे नुसतं एनव्हेंक निवडल्याने पहिल्या पायरीची अडचण सुटत नाही.

उपाय मात्र फुकटचा निघाला. गेमच्या कन्सोलमध्ये एफपीएस मॅक्स १२० केलं, सावल्यांची क्वालिटी उतरवली आणि ओबीएस 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करून चालू केलं. या शेवटच्या गोष्टीने विंडोज ओबीएसला ग्राफिक्स कार्डाच्या रांगेत पुढे घेतं. कार्डावरचा लोड सत्तरच्या घरात आला आणि नवाचा आकडा शून्यावर. पैसे गोळा करणारे जरा हिरमुसले!

एन्कोडिंग लॅग आम्हाला भेटला नाही, पण ज्यांच्याकडे साधं कार्ड आहे आणि एक्स२६४ ने सीपीयूवर एन्कोडिंग चालतं, त्यांना तो हमखास भेटतो. एक गणित बघा. १९२० गुणिले १०८० चं एक चित्र न दाबता सुमारे ३.१ एमबी होतं. सेकंदाला ६० चित्रं, म्हणजे जवळजवळ १.५ गिगाबिट. ते ६ मेगाबिटमध्ये कोंबायचं, म्हणजे अडीचशेतला एक भाग उरतो! या कोंबण्याला किती डोकं लावायचं ते 'प्रीसेट' ठरवतो. ओबीएसमध्ये सुरुवातीला 'व्हेरीफास्ट' असतो. कोणीतरी सांगतं की 'मीडियम'ने चित्र छान दिसतं. दिसतं ना, पण त्याच सीपीयूवर गेमही चालायचाय. एका कॉम्प्युटरवर स्ट्रीम करणाऱ्याने व्हेरीफास्टच्या खाली जाऊ नये. तरीही आकडा चढला तर रेझोल्यूशन ७२० वर आणावं, पिक्सेल सव्वादोन पटींनी कमी होतात.

मग फायनलच्या दिवशी दुपारी तिसरा प्रकारही अवतरला. हॉल भरला, प्रत्येकाच्या खिशात मोबाइल, आणि आमचा कॉम्प्युटर त्यांच्याच वायफायवर. आता रेंडरिंग शून्य, पण नेटवर्कचा आकडा चढू लागला. स्पीड टेस्ट केली तर अपलोड १० दाखवतेय. मग ६ का जात नाहीत? कारण स्पीड टेस्ट काही सेकंदांची सरासरी सांगते, स्ट्रीमला मात्र दर सेकंदाला ६ हवेत. वायफायवर एखादं पॅकेट हरवलं की टीसीपी ते पुन्हा पाठवतो, तोवर मागचे सगळे रांगेत. रांग फार लांबली की ओबीएस फ्रेम टाकून द्यायला लागतं. आधी बी-फ्रेम, कारण त्यांच्यावर फारसं कोणी अवलंबून नसतं. तेवढ्याने भागलं नाही तर पी-फ्रेम. पी-फ्रेम गेली की तिच्या आधाराने काढलेली पुढची चित्रंही निरुपयोगी, थेट पुढच्या कीफ्रेमपर्यंत. म्हणून कीफ्रेमचं अंतर २ सेकंद ठेवतात. १० ठेवलं, तर एका उचकीला १० सेकंद मोजावे लागतील.

इथे ग्राफिक्स कमी करून काडीचाही फरक पडत नाही. लॅबच्या काकांना गाठलं, त्यांनी कपाटातून लांबलचक लॅन केबल काढून दिली, ती खिडकीतून आणून लावली. निम्मं काम तिथेच झालं.

उरलेलं निम्मं बिटरेटचं. मला रूममेटचे बाबा आठवत होते. ६००० केबीपीएसचा स्ट्रीम तासाला २.७ जीबी खातो, आणि त्यांचा पॅक रोजचा दीड जीबीचा! काही ठिकाणी लहान चॅनेलच्या प्रेक्षकांना क्वालिटी कमी करायचा पर्याय मिळत नाही. आपण पाठवू तेच त्यांना बघावं लागतं. म्हणून मी ७२०, ३० फ्रेम आणि ३००० केबीपीएस ठरवलं. आवाजासकट तासाला १.४ जीबी. कमिटीने नाकं मुरडली, "काउंटर-स्ट्राइक आणि ३० एफपीएस?" मुरडू देत. ६० च्या तुटक चित्रापेक्षा ३० चं सलग चित्र केव्हाही बरं. शिवाय आता फ्रेमला ३३ मिलिसेकंद मिळत होते, त्यामुळे कार्डालाही आराम.

फायनल ५२ मिनिटं चालली, तिन्ही आकडे मिळून अर्धा टक्काही नाही. मुली हरल्या, पण चौदा राउंड खेचून. बाबांचा फोन आला. "ते शेवटी तू एकटी राहिलीस तेव्हा मागे का नाही वळलीस?" म्हणजे त्यांनी सगळं पाहिलं होतं!

तुम्ही स्वतः स्ट्रीम करणार असाल तर एक चाचणी आधी करा. लाइव्ह जाताना त्याच सेटिंगवर रेकॉर्डिंगही चालू ठेवा आणि नंतर दोन्ही बघा. रेकॉर्डिंगच अडकत असेल तर दोष तुमच्या कॉम्प्युटरमध्ये, नेटला हात लावू नका. रेकॉर्डिंग स्वच्छ आणि लाइव्ह तुटक असेल तर केबल शोधा. दोन्ही स्वच्छ आणि फक्त एकच मित्र ओरडत असेल, तर त्याचा राउटर बघायला सांगा. आणि ही चाचणी गेम पूर्ण जोरात चालू असताना, संध्याकाळी नऊला घ्या. सकाळी सहाला रिकाम्या हॉस्टेलच्या नेटवर सगळंच छान चालतं.