गच्चीवरील शेतीला स्वस्त पाणी: सवलत नेमकी कशात द्यायची?

शहरातील शेतीला महापालिकेने कमी दराने पाणी द्यावे, ही मागणी अधूनमधून पुढे येते. वरवर पाहता ती रास्त वाटते. गावाकडच्या शेतकऱ्याला कालव्याचे पाणी सिंचनाच्या दराने मिळते. मग गच्चीवर वांगी-टोमॅटो पिकवणाऱ्याने पिण्याच्या पाण्याचा दर का मोजावा? मात्र ही मागणी पाण्याच्या बिलाशेजारी ठेवून पाहिली तर काही अनपेक्षित गोष्टी नजरेस येतात.

मुंबईत गच्चीवरील शेती नवी नाही. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर यांनी 'प्रयोग परिवारा'च्या माध्यमातून थोडक्या जागेतल्या शेतीचे तंत्र घरोघरी पोहोचवले. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी २००२ च्या सुमारास स्वयंपाकघरातील ओल्या कचऱ्यावर भाजी आणि फळझाडे वाढवून दाखवली. आज अनेक सोसायट्यांमध्ये अशा लहानमोठ्या बागा आहेत. त्यांना माती लागते ती पालापाचोळ्यातून तयार होते, खत कचऱ्यातून मिळते. पाणी मात्र महापालिकेचेच लागते.

ते किती लागते? उन्हाळ्याच्या दिवसांत पिकातून आणि मातीतून रोज साधारण पाच मिलिमीटर पाणी उडून जाते असे धरले, तर शंभर चौरस मीटर लागवडीला दिवसाला ५०० लिटर, महिन्याला १५ हजार लिटर पाणी हवे. मुंबई महापालिकेने २०२२ मध्ये जे दर लागू केले, त्यांत निवासी इमारतींसाठी हजार लिटरला ६ रुपये ३६ पैसे असा मूळ दर होता. म्हणजे या बागेच्या पाण्याचे महिन्याचे बिल ९५ रुपये! यात निम्मी सवलत दिली तरी बागवाल्याच्या पदरात पन्नास रुपयेही पडत नाहीत. पालकाच्या दोन-तीन जुड्यांचे पैसे, एवढाच त्याचा अर्थ.

खरी झळ बसते ती अन्यत्र. मुंबईत निवासी वापराचे दर चढत्या टप्प्यांचे आहेत. माणशी दिवसाला १५० लिटरपर्यंत मूळ दर, त्यापुढे २०० पर्यंत दुप्पट, २५० पर्यंत तिप्पट आणि त्याही पुढे चौपट. सव्वाशे माणसांच्या सोसायटीत बागेचे ५०० लिटर म्हणजे माणशी चार लिटर. सोसायटी आधीच पहिल्या टप्प्याच्या काठावर असेल, तर हे चार लिटर दुप्पट दरात जातात आणि वार्षिक सभेत बागेचा विषय निघतो. दुसरा प्रश्न वर्गवारीचा. जोडणी व्यावसायिक गणली गेली, तर २०२२ च्या दरपत्रकानुसार हजार लिटरला ४७ रुपये ७५ पैसे पडतात आणि त्याच १५ हजार लिटरचे बिल ७१६ रुपये होते. भाजी विकून चार पैसे मिळवू पाहणाऱ्या बचत गटाला हा फरक परवडणारा नाही.

तिसरी बाब सर्वांत कमी चर्चिली जाणारी, पण तर्काच्या कसोटीवर सर्वांत भक्कम आहे. पाणीपट्टीच्या ७० टक्के मलनिःसारण आकार बिलात जोडला जातो. वापरलेले पाणी गटारात जाते आणि ते वाहून नेण्याचा, त्यावर प्रक्रिया करण्याचा खर्च येतो, हे त्यामागचे गृहीतक. कुंडीत घातलेले पाणी गटारात जात नाही. ते झाडातून हवेत जाते. जी सेवा घेतलीच नाही तिचे मोल आकारू नये, ही मागणी करण्यासाठी कुणाच्या औदार्याला साद घालावी लागत नाही. अमेरिकेतील अनेक शहरांत यासाठी बागेच्या पाण्याला स्वतंत्र मीटर बसवण्याची सोय आहे. त्या मीटरवरील पाण्याला मलनिःसारण आकार लागत नाही.

थेट दरात सवलत दिल्यास काय होते, याचा धडा मात्र कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो परिसराने दिला आहे. तेथील ॲव्होकॅडोच्या बागा उपनगरांच्या विळख्यात आहेत आणि दूरवरच्या कोलोरॅडो नदीतून व उत्तर कॅलिफोर्नियातून आणलेल्या पाण्यावर त्यांची बरीच भिस्त आहे. दक्षिण कॅलिफोर्नियाच्या मेट्रोपॉलिटन जलसंस्थेने या शेतकऱ्यांना १९९० च्या दशकात स्वस्त पाणी देऊ केले, पण एका अटीवर: टंचाई आली की पहिली कपात शेतीची. २००८ मध्ये ती वेळ आली आणि त्यांच्या पाण्यात ३० टक्के कपात झाली. अनेक बागायतदारांनी उरलेल्या झाडांसाठी पाणी वाचवायला काही झाडे बुंध्यापर्यंत छाटून टाकली. पुढे २०१२ च्या अखेरीस ती सवलतही संपुष्टात आली.

सॅन डिएगो जिल्ह्याच्या जलप्राधिकरणाने स्वतःची वेगळी शेती-दर योजना चालू ठेवली आणि ती २०२१ पासून कायमस्वरूपी केली. तिचे तत्त्व तेच: शेतकऱ्याला पाण्याची हमी कमी, म्हणून ती हमी निर्माण करण्याच्या खर्चातील वाटाही कमी. यामागे कायद्याचीही सक्ती आहे. १९९६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी संमत केलेल्या 'प्रपोझिशन २१८' नुसार सेवेच्या खर्चापेक्षा जास्त दर कुणाकडूनही घेता येत नाही. साहजिकच एकाला दिलेली सूट दुसऱ्याच्या बिलात घालण्याची वाट बंद होते. एवढे करूनही फॉलब्रुक व रेनबो या शेतीबहुल भागांतील मतदारांनी २०२३ मध्ये महाग पाण्याला कंटाळून ते प्राधिकरण सोडण्याच्या बाजूने कौल दिला.

'हमी कमी, दर कमी' हे तत्त्व मुंबईला मानवेल का? पाणीकपात मुंबईकरांच्या परिचयाची आहे. जून उजाडला आणि तलावांनी तळ गाठला की दहा-पंधरा टक्के कपात जाहीर होते. अशा वेळी आधी बागेचे पाणी बंद करण्याची अट सवलतीसोबत घालता येईल. वालाच्या शेंगा सुकतील, पण ॲव्होकॅडोसारखी वीस वर्षांची झाडे जाणार नाहीत. हंगामी भाजीला ही अट पेलण्यासारखी आहे.

या चर्चेत एक पक्ष नेहमी गैरहजर असतो. मुंबईला पाणी देणारी भातसा आणि तानसा ही धरणे शहापूर तालुक्यात आहेत आणि त्याच तालुक्यातील कित्येक पाड्यांना दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. तिथून शंभर किलोमीटर आणलेले, शुद्ध केलेले पिण्याचे पाणी कोथिंबिरीसाठी आणखी स्वस्त करा, असे त्या पाड्यावरच्या बाईसमोर म्हणता येणार नाही. म्हणून महापालिकेला पैसे खर्चायचेच असतील, तर ते दरातील सुटीपेक्षा पावसाचे आणि सांडपाण्याचे पाणी गच्चीपर्यंत नेण्यावर खर्चणे अधिक सयुक्तिक.

अडचण तिथेही आहे. शंभर चौरस मीटर छतावर मुंबईच्या पावसाळ्यात दोन लाख लिटरहून अधिक पाणी पडते, तर बागेला उरलेल्या आठ महिन्यांत त्याच्या जवळजवळ निम्मे लागते. हिशोब जुळतो, पण लाखभर लिटर म्हणजे शंभर टन पाणी साठवायचे कुठे? जुन्या इमारतीच्या गच्चीला ते झेपणारे नाही. सोसायटीच्या आवारातील विहिरीचे पुनर्भरण, न्हाणीघराच्या सांडपाण्यावर साधी प्रक्रिया आणि मातीवर नारळाच्या सोडणांचे व पाचोळ्याचे आच्छादन, हे उपाय त्यामानाने आवाक्यातले आहेत.

मलनिःसारण आकाराचा प्रश्न मात्र तेवढ्याने सुटत नाही. वरील उदाहरणात तो महिन्याला ६७ रुपये होतो आणि तो टाळण्यासाठी लागणारा स्वतंत्र मीटर, नळजोडणी व तपासणी यांचा खर्च एका बागेला काही वर्षे फिटणार नाही. त्यापेक्षा लागवडीचे क्षेत्र मोजून ठरावीक लिटर पाणी या आकारातून आणि टप्प्यांच्या गणतीतून वगळणे सोपे. त्यासाठी महापालिकेला मीटर लागणार नाही. वर्षातून एकदा गच्चीवर चढून पाहणारा निरीक्षक लागेल.