शब्दांचा शेजार

महाराष्ट्राच्या नकाशात अमरावती जिल्हा शोधा. या जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यात रिद्धपूर नावाचे गाव आहे. सुमारे 1278 साली म्हाइंभटांनी येथे ‘लीळाचरित्र’ लिहिले. हा मराठीतील पहिला गद्यग्रंथ मानला जातो. त्या काळी विद्वान लोक संस्कृतात लिहीत. महानुभाव पंथाने मात्र सामान्य माणसांना समजणारी मराठी निवडली. आज मराठी भाषा विद्यापीठही याच गावी आहे.

मराठी आणि तुमची उर्दू यांची तुलना कशी करता येईल? आधी नकाशाच घेऊ. भाषांच्या नकाशात सारा महाराष्ट्र बहुधा एकाच रंगाने दाखवतात. अमरावती, अकोला, अचलपूर येथील अनेक घरांत उर्दू बोलली जाते, हे त्या रंगावरून कळत नाही.

आता आकडे पाहू. 2011 च्या जनगणनेनुसार भारतात मराठी मातृभाषा असणारे सुमारे 8 कोटी 30 लाख लोक होते. उर्दू मातृभाषा असणारे सुमारे 5 कोटी 7 लाख होते. त्यांपैकी सुमारे 75 लाख लोक एकट्या महाराष्ट्रात होते. नकाशात न दिसलेली माणसे आकड्यांत दिसली! पण आकडे दोन भाषांना दोन वेगळ्या रकान्यांत बसवतात. त्यांचे नाते सांगत नाहीत. ते नाते शब्दांत सापडते.

‘लीळाचरित्रा’नंतरच्या काळात दक्षिणेत सुलतानांच्या राजवटी आल्या. वऱ्हाडात इमादशाही होती. अचलपूर ही तिची राजधानी. राज्यकारभारात फारसी चाले. त्यामुळे अनेक फारसी-अरबी शब्द मराठीत रुळले. कुर्सीची खुर्ची झाली, हिसाबचा हिशेब झाला, नक्शाचा नकाशा झाला. बाजार, वकील, तारीख हे शब्द तर तसेच राहिले.

ही देवघेव दोन्ही बाजूंनी झाली. दख्खनी उर्दूत ‘ऐसाइच’, ‘वोईच’ असे म्हणतात. त्यांतला ‘च’ मराठीतून गेला, असे अभ्यासक मानतात.

मात्र काही शब्द फसवतात. उर्दूत ‘दफ्तर’ म्हणजे कचेरी. मराठीत ‘दप्तर’ तुमच्या पाठीवर असते. उर्दूत ‘शिकस्त’ म्हणजे पराभव. मराठीत प्रयत्नांची शिकस्त करणे म्हणजे होईल तेवढे सारे प्रयत्न करणे. उर्दूत ‘खाली’ म्हणजे रिकामे. मराठीत ‘खाली’ म्हणजे वरच्या उलट बाजूला.

व्याकरणातही फरक आहे. उर्दूत दोन लिंगे आहेत, मराठीत तीन. म्हणून आपण तो रस्ता, ती नदी आणि ते घर म्हणतो. उर्दूचा ‘कल’ मागे गेलेल्या दिवसालाही चालतो आणि येणाऱ्या दिवसालाही. मराठीत ‘काल’ वेगळा आणि ‘उद्या’ वेगळा.

उर्दूतील ‘हम’साठी मराठीत दोन शब्द आहेत. ‘आम्ही जत्रेला जाऊ’ असे कोणी म्हणाले, तर त्यात ऐकणारा नसतो. ‘आपण जत्रेला जाऊ’ म्हटले, की ऐकणाराही सोबत येतो. हा फरक नीट लक्षात ठेवा. शेजारच्या मित्राशी मराठीत बोलताना ‘आपण’ हा शब्द तुम्हांला फार उपयोगी पडेल.

आता वहीत दोन रकाने आखा. घरात ऐकू येणारे दहा उर्दू शब्द लिहा आणि त्यांच्यासमोर त्यांचे मराठी रूप लिहा. किती शब्द सारखे निघतात, ते मोजा.